डाव्या पायाचा फरमा

३ मार्च

चि. रबरी,

आत्यानं तुझे दोन्ही निरोप दिले. डावा पाय पहिल्यांदा कधी सुजला ते डॉक्टरांसाठी लेखी पाठवा, हा एक. आणि फोन करू नका, आवाज ऐकायचा नाही, हा दुसरा. पाच वर्षांनी निरोप आला तोही असा. पण आला, हेही नसे थोडके.

तर उत्तर लिहितो. तू ग्रंथालयात नोकरीला लागलीस त्या वर्षी पाय सुजायला लागला. म्हणजे तू बावीस वर्षांची होतीस. दिवसभर कपाटांपुढे उभं राहायचं, शिडी चढायची, उतरायची, मग पाय सुजणारच. त्याआधी काही नव्हतं. डॉक्टरांना खुशाल सांग, बापानं सांगितलंय म्हणून.

आजार काय आहे ते आत्यानं मला समजावलं. दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा मी खिळे ठोकत बसलो होतो. डाव्या पायातलं रक्त वर नेणारी शीर पोटात शिरते, तिथे एक धमनी तिच्या अंगावरून जाते आणि तिनं ती शीर मणक्यावर दाबून धरलीये. पाण्याच्या नळीवर कुणी पाय देऊन उभं राहावं तसं. शिवाय अंगातलं सगळं एकमेकाला धरून ठेवणारा धागाच तुझा जन्मापासून सैल आहे, म्हणून सांधे निसटतात, म्हणून अंग ठणकतं. आत्या म्हणाली, "दादा, पोरगी इतकी वर्षं ओरडत होती ते हेच." मी म्हटलं, बरं.

अठ्ठावीस तारखेला शिरेत जाळीची नळी बसवणार आहेत हेही कळलं. आधी कधी शिरेत रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर नळी लांब लागते, आणि तुझ्या शिरा नाजूक, म्हणून आत शिरण्याआधी सगळं माहीत असलेलं बरं. तारीख त्यासाठी हवी. समजलं मला. मी काही अगदीच दगड नाही.

सैल धाग्याचं ऐकून तुझी लहानपणची गंमत आठवली. अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायचीस. मी तुला दुकानाच्या काउंटरवर बसवायचो आणि गिऱ्हाइकांना म्हणायचो, "बघा आमची रबरी!" लोक हसायचे, तूही हसायचीस. आजार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

दुकान ठीक चाललंय. डोळे कमी झालेत, सुईत दोरा आत्या ओवून देते आणि दर दोऱ्यामागे एक टोमणा मारते.

तुझा,
बाबा


७ मार्च

चि. रबरी,

मागचं पत्र आत्यानं टाकायच्या आधी वाचलं. पाकीट मी चिकटवलं नव्हतं, माझीच चूक. वाचून पाकीट चिकटवलं. जेवताना म्हणाली, "दादा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मी म्हटलं, कसलं भांडं? तर उठून गेली. ती इथे राहायला आली तू नोकरीला लागल्यावर, त्यामुळे आधीचं तिला काहीच ठाऊक नाही. पण बाईमाणूस आहे, तोंडावरून वाचते.

तर थोडी दुरुस्ती. बावीस नाही, एकोणीस. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा पाय सुजला होता, ते मी विसरलो होतो. सहा आठवडे पडून होतीस. पण घोटा मुरगळलाय असं डॉक्टरच म्हणाले होते. आपल्या गल्लीच्या टोकाला बसायचे ते, आता नाहीत. तुझे घोटे तर उठता बसता मुरगळायचे, सपाट जमिनीवरसुद्धा. म्हणून तर मी तुला उंच, कडक बूट करून द्यायचो, आतून दुहेरी चामडं लावून.

त्या मुरगळण्याचं डॉक्टरांना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या मते नुसता गोंधळ वाढेल.

तुझे तपकिरी बूट अजून बाकाखाली आहेत. महिन्यातून एकदा पॉलिश करतो, नाहीतर चामडं तडकतं.

बाबा


१२ मार्च

चि. रबरी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तू उत्तर मागितलं होतंस, देणार असं कुठे म्हणाली होतीस!

आज रागावूनच लिहायला बसलोय. तुझ्यावर रागावलोय म्हणून सकाळभर आरी आपटत होतो. म्हटलं, एवढं सगळं आत्ताच विचारायचं होतं? तेव्हा नीट सांगितलं असतंस तर? मग आठवलं की तू सांगितलं होतंस. रोज सांगत होतीस. जिना चढताना सांगायचीस, जेवताना सांगायचीस, पाय भिंतीला वर टेकवून झोपायचीस आणि तिथून सांगायचीस. मीच म्हणायचो, झाली हिची नाटकं सुरू.

एकोणीसच्या वेळचं अर्धंच लिहिलं होतं. ज्याच्यासाठी लिहायचं तेच गाळलं. आता लिहितो.

तू त्या दिवशी दुकानात खाली आलीस ती भिंतीला धरून. डावा पाय मांडीपर्यंत फुगला होता. वांग्यासारखा रंग. हात लावला तर गरम. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी तुला मागच्या दारानं डॉक्टरांकडे नेलं, पुढून नाही, हेही लिहून टाकतो. डॉक्टरांनी पाय पाहिला, बूट पाहिला आणि विचारलं, "बूट घट्ट होतो का हिला?"

झालं. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं बूट करतोय, माझा बूट कुणाला चावला नाही असं मी छातीठोकपणे सांगत फिरणारा माणूस. मी म्हटलं, "माझ्या हातचा आहे. घट्ट कसा असेल?"

मग त्यांनी विचारलं, "पाय याआधी कधी सुजला होता?"

तू तोंड उघडलंस. मी तुझ्या आधी म्हणालो, "नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मग मुरगळलाच असेल, बर्फ लावा, गोळ्या घ्या. हो म्हणालो असतो तर त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. आत्याला काल त्या सुजेचं सांगितलं, ती म्हणते की ती गाठच असणार, आणि ती गाठ पायातून सुटून फुप्फुसात गेली असती तर तू जिवंत नसतीस. आत्या काही डॉक्टर नाही. पण तुझ्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आलीये ती.

मी "नाही" म्हणालो तेव्हा मला खरं उत्तर ठाऊक होतं का, असं तू विचारशील. आज एवढंच पुरे. पुढच्या पत्रात लिहीन. हात दुखतोय.

बाबा


१३ मार्च

हात दुखत नव्हता.


१५ मार्च

चि.,

रबरी लिहिणार होतो, थांबलो. त्या नावानं मी तुला काउंटरवर बसवून नाचवलं. आता ते नाव टाकलं. दुसरं कोणतं घ्यावं ते सुचत नाही, म्हणून जागा मोकळी सोडलीये.

या पत्राबरोबर एक खोकं येतंय. खोक्यात तुझ्या पायांचे फरमे आहेत, दोन्ही. तू लहानपणापासून पाहिलेत, पण डॉक्टरीणबाईंना कळावं म्हणून लिहितो. बूट ज्याच्यावर चढवून शिवतात तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा म्हणजे फरमा. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा पाय जाड झाला, हाड वाढलं, तर आम्ही नवा फरमा कोरत नाही. जुन्यावरच तेवढ्या जागी चामड्याची पट्टी चिकटवतो, रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, कड तासतो, आणि तळाशी पेन्सिलीनं तारीख टाकतो. म्हणजे पुढच्या वेळी चूक होत नाही. माझ्या वडिलांची पद्धत, त्यांच्याकडून माझ्याकडे आली.

तुझा फरमा मी तू चौदाची असताना कोरला. पायाची लांबी थांबली होती. उजव्यावर आजतागायत एकही पट्टी नाही. हात फिरवून पाहा, कोरला तेव्हा होता तसाच आहे.

डाव्यावर सात आहेत.

पहिली पट्टी फरमा कोरल्यावर पाच महिन्यांनी. तू तेव्हा चौदाचीच. दुसरी पंधराव्या वर्षी, तिसरी सतराव्या. चौथी दुहेरी आहे, जाड, ती तू सहा आठवडे पडून उठलीस त्यानंतरची. मग बावीस, पंचवीस, अठ्ठावीस. सगळ्यांच्या तारखा तळाशी आहेत, माझ्याच अक्षरात. डॉक्टरीणबाईंना लेखी हवं होतं ना? हे घे लेखी. एकोणीस वर्षं माझ्या दुकानाच्या फळीवर पडलं होतं, आणि मी तुला लिहितो की बावीसच्या आधी काही नव्हतं!

म्हणजे डॉक्टरांपुढे "नाही" म्हणालो तेव्हा फळीवर तीन पट्ट्या होत्या. मला ठाऊक होतं. हे एकदा सरळ लिहायचं होतं म्हणून तीन पत्रं वाया घालवली.

अजून एक आहे. हे आत्यालाही सांगितलेलं नाही. या धंद्यात शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी शिकवतात की माप संध्याकाळी घ्यायचं. दिवसभर वापरून पाय भरतो, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी काचतो. गावातल्या प्रत्येकाचं माप मी संध्याकाळी घेतलं. सकाळी कुणी आलं तर परत पाठवायचो, पाचनंतर या. आणि तुझं माप घ्यायचो सकाळी, तू पलंगावरून उतरायच्या आधी. तुला सांगायचो, संध्याकाळी दुकानात गर्दी असते. गर्दी कसली? संध्याकाळचा तुझा पाय मला बघायचा नव्हता. सकाळी तो जरा शहाण्यासारखा वागायचा. आणि सकाळच्या त्या मापालाही सात पट्ट्या लागल्या.

मग तो बूट तू दिवसभर घालायचीस. आत दुहेरी चामडं. पाय आत फुगत असणार आणि चामडं हलत नसणार. डॉक्टरांनी विचारलं होतं, बूट घट्ट होतो का. होत होता गं. दर संध्याकाळी होत होता.

का केलं असं, तर सांगतो, पण ऐकून माफ कर वगैरे म्हणणार नाही. तू म्हणायचीस पाय दुखतो. मी विचार करायचो, आता बूट खोटा की पाय खोटा? बूट खोटा म्हटलं तर तीस वर्षांची अब्रू जाते. म्हणून मी पाय खोटा ठरवला. सोपं होतं. पाय तुझा होता.

आणि पाच वर्षांपूर्वीचं. तू काठी घेऊन दुकानात आलीस. चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "काठी बाहेर ठेव. लोक म्हणतील बूटवाल्याचीच पोरगी लंगडी." गंमत म्हणून म्हणालो असं मी सगळ्यांना सांगितलं. गंमत नव्हती. तू बाकावर बसलीस, दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्यास, बूट जोडीनं नीट ठेवलेस आणि काठी टेकत अनवाणी निघून गेलीस. चारही माणसं तुझ्या पायांकडे बघत होती. एकजण म्हणाला, "डावा केवढा सुजलाय हो!" परक्या माणसाला पाच पावलांत दिसलं.

फरमे जपून परत पाठव असं लिहिणार नाही. परत नाही पाठवलेस तरी चालेल. चुलीत घातलेस तरी चालेल, पण अठ्ठावीस तारखेनंतर. आधी डॉक्टरीणबाईंना दाखव.

खोकं घेऊन आत्याच येतेय. टपालावर सोडायला मन धजेना.

बाबा


२९ मार्च

चि.,

काल दिवसभर दुकान उघडं ठेवलं. बंद ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं का म्हणून. एक टाच उलटी ठोकली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय मालक, आज लक्ष कुठाय?" मी म्हटलं, वय झालं.

आत्याचा फोन दुपारी आला. सगळं नीट झालं म्हणाली. मी हातोडी खाली ठेवत होतो, तर ओरडली, "दादा, ऐकतोयस ना? जिवंत आहेस ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवून मागच्या खोलीत जाऊन रडलो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लपवायची सवय सोडायची म्हटलं तर सगळीच सोडावी लागते.

आत्यानं घरी आल्यावर सविस्तर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी डावा फरमा टेबलावर ठेवून मोजपट्टी लावली, तारखा उतरवून घेतल्या. एकोणीसच्या दुहेरी पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "गाठ इथे झाली." तपासणीत शिरेवर जुना वण दिसत होता, तो कधीचा ते या पट्टीवरून जुळलं. म्हणून लांब नळीची तयारी आधीपासून ठेवली, आणि शेवटी तीच लागली. पाय हळूहळू उतरेल. सांध्यांचं दुखणं मात्र राहणार, सैल धाग्याला औषध नाही, असंही त्या म्हणाल्या. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तुझ्या दुखण्यातलं निम्मं तर जायचंच नाही. आत्याला वाटलं मी फरम्याचं ऐकून सुटकेचा श्वास टाकीन. म्हणाली, "तुझ्या फरम्यानंच काम झालं बघ."

मी विचारलं, "ती काय म्हणाली?"

आत्या टाळत होती. आधी चहा ठेवते म्हणाली, मग पिशवी रिकामी करायला लागली. मी दोनदा विचारल्यावर बोलली. तू फरमा मांडीवर घेतलास. पट्ट्यांवरून एक एक करून बोट फिरवलंस, वरून खाली, मग खालून वर. आणि म्हणालीस, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

पत्रात मी लिहिलं होतं तेच. तरी तुझ्या तोंडचं ऐकून मी उठलो आणि फळीवरची फरम्यांची रिकामी जागा पुसली. लिहिताना वाटतं आपण फार मोठं काम करतोय, कबूल करतोय. आणि तू पट्ट्या मोजत बसलीस. तुला तर एवढी वर्षं शंका यायची, आपणच नाटकी आहोत की काय. आत्याकडे म्हणाली होतीस तसं एकदा, कधीतरी. मला आत्यानं कालच सांगितलं.

तू नाटकी नव्हतीस. हे मी जोरात म्हणायला हवं होतं, गिऱ्हाइकांपुढे. आता लिहितो, दुसरं काय करू?

बाबा


२० एप्रिल

चि.,

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र असेल म्हणून आधी चष्मा पुसला, मग हात धुतले. पत्र नव्हतं. दोन कागद होते, दोन्हीवर डाव्या पायाची कड काढलेली. एकावर वर लिहिलंय "सकाळ", दुसऱ्यावर "संध्याकाळ". कोपऱ्यात बारीक अक्षरात, दवाखान्याचा घट्ट मोजा घालून काढलंय. कड टाचेपाशी थरथरलीये, म्हणजे स्वतःच वाकून काढलीस. कुणाला तरी सांगायचंस. पण राहू दे, माझ्याच पोटची आहेस.

आत्या मागे उभी राहून वाचत होती. डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "बघतोस काय, कामाला लाग."

दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. संध्याकाळचा अजूनही मोठा आहे, पण करंगळीच्या जाडीएवढाच. पूर्वी किती होता ते मला सांगता येणार नाही. मी कधी मोजलाच नाही.

जुन्या फरम्यावर आठवी पट्टी लावायची नाही, हे मी पाकीट उघडण्याआधीच ठरवलं होतं. फरमे तुझ्याकडेच राहू देत, तुझ्या पायाचा पुरावा आहे तो. आज लाकूड आणलं. डावा वेगळा कोरतो, उजवा वेगळा. डावा संध्याकाळच्या कागदावर. वरून नाडी नाही, पट्टा ठेवतो, तुला सैल-घट्ट करता येईल असा. आत एकेरी मऊ चामडं. घोट्याला आधार लागेल तेवढाच. वेळ लागेल, डोळे साथ देत नाहीत, पण एक टाका उसवायची वेळ आली तर उसवीन.

तपकिरी बूट आज खोलून टाकले. आतलं दुहेरी चामडं सुटं केलं, तर डाव्याच्या आतल्या बाजूला तुझ्या घोट्याचा खळगा पडला होता. अंगठा ठेवून बघितला. अख्खा मावला.

कागदाच्या मागे तू दोन ओळी लिहिल्यास, त्या मी आधी पाहिल्याच नव्हत्या, आत्यानं दाखवल्या. "माप घ्यायला येऊ नका. बूट घट्ट झाला तर सांगेन."

नाही येत. बोलावशील तेव्हाही आधी विचारीन, खरंच येऊ का म्हणून.

आणि घट्ट झाला तर सांग. बूटच चुकलेला असेल.

तुझा,
बाबा